साडूंचं परीक्षा केंद्र

माझ्या मोठ्या साडूंनी इंग्रजीच्या परीक्षेची जेवढी तयारी केली तेवढी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोणी केली नसेल, आणि गंमत अशी की परीक्षेला ते बसणारच नव्हते. बसणार होती त्यांची मुलगी सुनंदा. पण घरात कोणी आजारी पडलं की पथ्य सगळ्यांनी पाळायचं, असा ज्यांचा खाक्या, त्यांच्या घरात परीक्षा एकट्या मुलीची कशी राहणार? माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. अल्लीपूरच्या शेतकरी घराण्यातले. तिघे भाऊ शेतीवर राहिले आणि हे वर्ध्याला जमीनमोजणीच्या कचेरीत लागले. शहराला लागून सिंदी मेघेला दोन खोल्या आणि पुढे पडवी एवढं घर बांधलं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, पण मला कधी नावानं हाक मारली नाही. 'साडभाऊ' म्हणायचे, आणि तेही असं की जणू सरकारनं मला तो हुद्दा दिला आहे.

त्यांना एकच व्यसन होतं, ते म्हणजे छापील सूचना वाचण्याचं. औषधाच्या बाटलीतली घडी घातलेली चिठ्ठी, एसटीच्या तिकिटामागचा मजकूर, खताच्या पोत्यावरची बारीक अक्षरं, काही म्हणून सोडायचे नाहीत. त्यांच्या बायकोनं हौसेनं प्रेशर कुकर घेतला, तर सोबतची पुस्तिका पूर्ण वाचून होईपर्यंत त्याला चुलीजवळ जाऊ दिलं नाही. आठ दिवस घर झुणका-भाकरीवर राहिलं आणि कुकर देवघराशेजारी, फुलं वाहायची तेवढी बाकी होती. मी चेष्टा केली तर म्हणाले, "लिहिणाऱ्यानं काही उगाच लिहिलं नाई, साडभाऊ. त्याचा हात पोळला असन, तवा लिहिलं." माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं होतं, पण मी घरातला पंखा आजवर सूचना न वाचता लावलेला, त्यामुळे त्यांच्यापुढे माझी बाजू नेहमी लंगडीच असायची.

ऐंशी सालाच्या पुढेमागे सुनंदा नागपूरहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं बोलावलं. शिकायचं, थोडं शिकवायचं, त्यातून तिथला खर्च निघेल. अट एकच, परक्या देशांतल्या मुलांसाठी इंग्रजीची जी परीक्षा असते तिच्यात ठरावीक गुण हवेत. तेवढे पडले तर पोरगी सातासमुद्रापार, नाही पडले तर इथेच कुठेतरी शाळेत. तिची आई ती नववीत असतानाच गेली होती. घरात माणसं दोन, बाप आणि लेक. म्हणजे पोरीला जितकं चांगलं शिकवायचं तितकं स्वतःचं घर रिकामं करायचं, असा हा हिशेब. मी एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, ती गेल्यावर तुमचं कसं?" ते पेन्सिलला टोक करत होते. म्हणाले, "माह्यं काय? मी कचेरीत जाईन, घरी येईन, कुकर लावीन. तिचं राह्यलं त जन्मभर राहीन तिच्या मनात." आणि पुन्हा टोक करायला लागले.

परीक्षेची माहितीपुस्तिका टपालानं आली आणि साडूंच्या आयुष्याचं सोनं झालं. इतक्या सूचना त्यांनी एका जागी कधी पाहिल्याच नव्हत्या! शिसपेन्सिल अमुकच हवी, गोल पूर्ण काळा करा, गोलाबाहेर रेघ जाऊ देऊ नका, एक भाग संपल्यावर मागच्या भागाकडे पाहिलंत तर बाहेर काढू, ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाईल. हे 'एकदाच' त्यांच्या जिव्हारी लागलं. "अस्सं कसं? माणसानं दुसऱ्यांदा विचारलं त सांगू नये का?" मी म्हटलं, टेपरेकॉर्डर आहे तो, त्याला काय समजतं. ते म्हणाले, "मंग पोरीले सवय पाहिजे."

झालं, दर रविवारी सिंदी मेघेच्या त्या घरात परीक्षा केंद्र सुरू झालं. टेपरेकॉर्डर माझा. पुस्तिकेसोबत मागवलेली सरावाची कॅसेट त्यांची. आणि एकटी पोरगी बसली तर ती परीक्षा वाटत नाही, म्हणून परीक्षार्थी म्हणून सुनंदा, मी, माझी बायको आणि अल्लीपूरहून शनिवारच्या गाडीनं येणारी त्यांची थोरली बहीण आक्काबाई. आक्काबाईंना सहीसुद्धा येत नव्हती. पण भावानं बसायला सांगितलं म्हणून पाट टाकून, पदर सावरून, पेन्सिल हातात धरून त्या तीन तास बसायच्या. मे महिना, वर्ध्याचं ऊन, आणि साडूंनी कूलर बंद केलेला. "केंद्रावर कूलर असन का नसन, पुस्तिकेत लिहिलं नाई." स्वतः मात्र लग्नातला कोट घालून आमच्यामधून फेऱ्या मारत. चहा नाही, बोलणं नाही, पाण्याला उठणं नाही. मध्येच ते माझ्या बायकोच्या पाठीशी उभे राहून मुद्दाम खोकायचे, कारण परीक्षेत शेजारी कोण कसा निघेल सांगता येत नाही. पहिल्या रविवारी निकाल लागला. पन्नासपैकी सुनंदाला अडतीस, मला नऊ, आक्काबाईंना अकरा. मी चक्रावून विचारलं, "आक्काबाई, तुम्ही लिहिलं तरी काय?" त्या म्हणाल्या, "मी काय लिहिन बापा, मधलं मधलं गोल भरत गेली." त्या दिवसापासून माझी बायको चारचौघांत माझ्या इंग्रजीचा विषय निघाला की आक्काबाईंचे गुण सांगते. आजही सांगते.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी ती भानगड झाली. टेपवर एक बाई कुणाकडे जेवायला गेलेली. यजमान विचारतो, आणखी थोडं वाढू का? बाई म्हणते, नको, आभारी आहे. मग प्रश्न येतो, यजमान आता काय करील? पर्याय चार: तो वाढील, तो भांडं उचलून नेईल, तो बाईचं नाव विचारील, तो खिडकी उघडील. मी बिनधास्त पहिला गोल भरला. बायकोनंही तोच. आक्काबाईंना साडूंनी नियम मोडून मराठीत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "वाढीन न! दुसरं काय करीन?" आणि सुनंदानं, जिला टेपवरचा शब्द न् शब्द समजला होता तिनंसुद्धा, पहिलाच गोल भरला. साडूंनी उत्तरांचं पान उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बरोबर उत्तर होतं, भांडं उचलून नेईल.

"चुकीचं छापलं," आक्काबाई म्हणाल्या. "येवढ्यात भांडं उचललं त ती बाई काय म्हणन घरी जाऊन?" माझ्या बायकोनं तर त्या यजमानाच्या आईवडिलांपर्यंत मजल मारली. आमच्याकडे पहिलं 'नको' हे काय उत्तर असतं का? पहिल्या 'नको'ला वाढणारा हात थांबतसुद्धा नाही. दुसऱ्या 'नको'ला पानावर आडवा हात येतो, तो बाजूला करून वाढायचं. तिसऱ्यांदा माणूस खरंच पोट धरून विनवायला लागला तर अर्धीच पोळी वाढायची. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, आईच्या हातून जेवता जेवता आलं. आम्ही चौघं हसत होतो, वाद घालत होतो. साडू मात्र कोट काढून खुर्चीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना छापील गोष्टीकडे नुसतं बघत बसलेलं पाहिलं.

थोड्या वेळानं म्हणाले, "साडभाऊ, छापणाराचं चुकलं नाई. तिकडे तसंच असन." मी म्हटलं, असेल, एका गुणाचा तर प्रश्न आहे, सोडून द्या. तर एकदम आवाज चढला, "एका गुणाचा नाई! ही पोरगी लाजरी हाये. कोणाच्या घरी जाईन, सवयीनं नको म्हणन, अन् ते भांडं उचलून नेतीन. मंग? माही पोरगी त्या देशात उपाशी राहीन न!" सुनंदा हसता हसता थांबली. "बाबा, काहीतरीच काय," एवढंच म्हणाली. पण बापाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस पोरीला पाठवत नाही.

पण साडू ते साडूच. पुढच्या रविवारी नवा नियम निघाला. सुनंदानं जिथे जाईल तिथे, जे हवं असेल ते पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणायचं. नको असेल तर 'नको' म्हणायचं आणि पुन्हा बदलायचं नाही. आणि समोरचा जे पहिल्यांदा बोलेल तेच त्याचं उत्तर समजायचं. पोरगी बिचारी आज्ञाधारक. नालवाडीच्या एका लग्नघरी बायकांच्या पंगतीत जिलबी विचारायला आले, ही चटकन म्हणाली, "हो, दोन द्या." शेजारची बाई घास तोंडाशी धरूनच थांबली. "मायबाई, आई नाई न पोरीले," असं दबक्या आवाजात कोणीतरी म्हणालं, आणि ते माझ्या बायकोच्या कानावर आलं. ती घरी येऊन साडूंवर तुटून पडली. ते शांतपणे म्हणाले, "जिलबी भेटली न तिले? मंग बरोबर सोडवलं."

नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला, तो तर कहर होता. अल्लीपूरहून त्यांचे एक चुलतभाऊ उन्हाचे आले. साडूंनी विचारलं, चहा घेता? ते रीतीनं म्हणाले, "नाई, कायले तकलीफ?" साडू "बरं" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले! तो गृहस्थ अर्धा तास स्वयंपाकघराकडे बघत बसला, मग पिशवी उचलून गेला. गावात जाऊन सांगितलं, पोरगी अमेरिकेले जायच्या आधीच बाप तिकडचा झाला. पुढे वर्षभर त्या घराण्यात साडूंच्या चहाची आठवण निघाल्याशिवाय कोणाला चहा गोड लागला नाही.

परीक्षा नागपूरला झाली. सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं गेलो. बापानं सहा पेन्सिली दोन्हीकडून टोकदार करून दिल्या होत्या, कारण पुस्तिकेत 'पुरेशा' असा शब्द होता. पोरगी आत गेली आणि साडू फाटकाबाहेर कडुनिंबाखाली साडेतीन तास उभे राहिले. मी म्हटलं, बसा. म्हणाले, "ती तिकडे त्या आवाजाच्या मागे धावून राह्यली असन, अन् मी बसू?" सुनंदा बाहेर आली तेव्हा दमली होती पण हसत होती. म्हणाली, आवाज फार भरभर बोलतात, शेवटच्या भागाला वेळ पुरला नाही, आणि एक मुलगा मध्येच रडायला लागला. साडूंनी विचारलं, "तू पाणी पिऊन घेतलं का?" निकालाचं पाकीट दीड महिन्यानं आलं. त्यांनी आधी मागच्या बाजूची सूचना पूर्ण वाचली, गुण कसे समजून घ्यावेत याबद्दलची, आणि मग कागद उलटला. गुण हवे होते त्याच्यापेक्षा जास्त होते. पेढे वाटून आले, आणि पुढल्या महिन्यात पोरीला मुंबईच्या गाडीत बसवून आले. त्यानंतर टेपरेकॉर्डर त्यांनी मला परत दिला, आणि सोबत कॅसेटही. "तुमच्याजवळ राहू द्या, मले आवाज ऐकवत नाई," म्हणाले.

मी टेलिफोन खात्यात, त्यामुळे घरी फोन होता, आणि सुनंदाचा फोन यायचा तो आमच्याकडेच. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, रविवारी सकाळी, तीन मिनिटं. साडू सात वाजल्यापासून धुतलेला सदरा घालून आमच्या फोनसमोर बसायचे. तिला जाऊन तीन वर्षं झाली, नोकरी लागली, त्या दिवशीचा फोन मी समोरच बसून ऐकला. आवाज मोठा यायचा, सगळं कळायचं. ती म्हणाली, "बाबा, आता माझं स्वतःचं घर आहे. तुम्ही येता का इकडे, सहा महिने?" साडूंचा चेहरा असा उजळला की काय सांगू! आणि ते म्हणाले, "नको वं माय, कायले उगाच? मले इथे काय कमी हाये?" मग सुनंदा म्हणाली, "बरं बाबा." मग तिनं हवापाणी विचारलं, आक्काबाईंच्या गुडघ्याचं विचारलं आणि तीन मिनिटं संपली.

त्यांनी रिसीव्हर लगेच ठेवला नाही, कानाशी धरूनच बसले. मग हळूच म्हणाले, "लाइन कटली का, साडभाऊ?" मी म्हटलं, नाही, तिनं ठेवला. "हां," म्हणाले, "एकदाच विचारलं पोरीनं. बरोबरच हाये." बायकोनं समोर चहा ठेवला तो तसाच राहिला. मला त्यांचा असा राग आला, आणि माझाही, आणि त्या रविवारच्या परीक्षांचाही! म्हटलं, "भाऊ, मी लिहितो तिला. तुम्हाला यायचंय म्हणून कळवतो." ते म्हणाले, "नको." मी म्हटलं, लिहितोच. "नको म्हणून राह्यलो न तुम्हाले." मी तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी पोस्टातून परदेशी टपालाचं निळं पत्र आणलं आणि लिहिलं, बाई गं, तुझ्या बापाचं कालचं 'नको' हे आपल्या घरचं 'नको' होतं, अजून दोनदा विचार. पेटीत टाकून आलो, पण त्यांना सांगितलं नाही. आठवड्यानं साडू काही काम नसताना आमच्याकडे आले, बराच वेळ पावसापाण्याचं बोलत बसले. जाताना दारात थांबून, माझ्याकडे न बघता विचारलं, "इथून तिकडे पत्र पोचायले किती दिवस लागते हो, साडभाऊ?" मी म्हटलं, दहा-बारा दिवस. ते बोटांवर मोजत मोजत पायऱ्या उतरून गेले.