फोटोतल्या चार बायका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि आईला तर नाहीच — कारण ती त्या फोटोत आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय एवढंच.

कामशेतला माझं यंत्रांचं दुकान आहे. पिठाच्या गिरण्या, कडबाकुट्टी, पाण्याच्या मोटारी, मिरची-मसाला कांडायची यंत्रं. तोंडाने मी गोड आहे, धंद्यात असावंच लागतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याचं गाव कुठलं, घरात शब्द कुणाचा चालतो आणि त्याच्या गळ्यात काय मारता येईल, हे मला एका दमात कळतं. याचा मला अभिमान होता. होता कशाला, अजूनही आहे थोडा — निदान इथे तरी खोटं नको.

पूर्वी आमच्या बिलावर खाली एक ओळ छापलेली असायची: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पुढे ग्राहक कायद्याचा बोलबाला झाला, असली ओळ चालत नाही असं कळलं, मी ती काढून टाकली. पण आमच्या वकिलांनी दुसरी वाट दाखवली. धंद्यासाठी वस्तू घेणाऱ्याला हा कायदा ग्राहक मानत नाही. स्वतः राबून त्यावर पोट भरत असेल तर तो ग्राहक, पगारी माणसं ठेवून धंदा करत असेल तर नाही. झालं! मी एक रबरी शिक्का करून आणला, 'व्यावसायिक वापरासाठी', आणि सरसकट प्रत्येक बिलावर मारू लागलो. अजूनही मारतो. त्या निळ्या शाईकडे आजवर कुणी निरखून बघितलेलं नाही.

शालनमावशीच्या बिलावरही मारला.

शालनमावशी मळवलीजवळच्या आमच्याच गावची, माझ्या आईची जिवाभावाची मैत्रीण. नवरा गेल्यावर तिने कितीतरी वर्षं तिथल्या बंगल्यांमध्ये झाडलोट केली, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांची उष्टी काढली. एक दिवस दुकानात आली आणि म्हणाली, "दिनू, मला कांडपाचं यंत्र दे. लोकांची भांडी लय घासली." दुसऱ्या दुकानात तिने चौकशीसुद्धा केली नव्हती. कशाला करेल? मी तिच्या ओटीवर खेळून मोठा झालेला.

आणि मी तिला काय दिलं? लोणावळ्याच्या एका गिऱ्हाइकाने परत आणून टाकलेलं यंत्र. त्याची मोटार जळाली होती. तिच्यातली जळकी तार काढून ती पुन्हा भरून घेतली, यंत्राला वरून हिरवा रंग मारला, नवं म्हणून दिलं. हे एक झालं. पण मी लिहायला बसलोय ते यासाठी नाही. हे मी पचवलं असतं — माझ्यासारखे बरेच जण पचवतात.

यंत्र बसवलं की नारळ फोडायचा, हार घालायचा आणि दुकानाच्या स्टेटसला फोटो टाकायचा, ही आमची पद्धत. मावशीकडे त्या दिवशी चार बायका आल्या होत्या — सावडीने. म्हणजे आज तू माझ्याकडे ये, उद्या मी तुझ्याकडे येते. पैसा नाही, दिवसाला दिवस. मावळात भाताची लावणी अशीच होते, आणि मिरच्यांचे देठ काढायलाही बायका अशाच जमतात. मीच ओरडलो, "मावश्यांनो, जरा कामात असल्यासारख्या दिसा की!" कुणी सूप धरलं, कुणी चाळण. एक जण मात्र पाठमोरी बसली होती, मिरचीचा खाट लागू नये म्हणून नाकातोंडावरून पदर घेऊन. ती काही उठली नाही. ती माझी आई.

ऐन चैत्रात, मसाल्याच्या हंगामात, मोटार जळाली. एकदा दुरुस्त करून दिली, पुन्हा जळाली. मग मी हात वर केले. तुमच्या गावचं व्होल्टेजच खराब, म्हणालो. मावशी चार वेळा आली. चौथ्या वेळी मी तिला दुकानाच्या मागच्या खोलीतून पाहिलं आणि बाहेरच आलो नाही. हंगाम गेला. बायका मिरच्या घेऊन दुसऱ्या गावाला जाऊ लागल्या. मग कुणीतरी तिला सांगितलं असावं — तिने पुण्याला ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील नाही, स्वतः.

नोटीस हातात पडली आणि माझी तंतरली. मोटार उघडली असती तर सगळंच उघडं पडलं असतं, आणि मग माझ्या दारात उभं कोण राहणार होतं? वकिलांनी विचारलं, तिच्याकडे कामगार आहेत याचा काही पुरावा? मी फोन पुढे केला. त्यांनीच तो फोटो शोधला. "या चौघी कोण? कामगार ना?"

मी त्या पाठीकडे पाहिलं. ओळखू येत होती का? मला येत होती. दुसऱ्या कुणाला आली नसती — हाच हिशेब मी त्या क्षणी केला, बरं का. आणि म्हणालो, "हो." प्रतिज्ञापत्रावर सही केली.

सुनावणीला मावशी इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. समोर बसलेल्या आयोगाच्या मॅडमनी फोटो दाखवून विचारलं, या बायकांना पगार देता का? मावशी म्हणाली, "पगारी न्हाईत, म्याडम. सावडीनं आल्यात्या." मॅडमनी विचारलं, सावड म्हणजे काय? त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. पण मावशीला सांगता येईना. जन्मात कधी समजावून सांगायची वेळच आली नव्हती तिच्यावर. ती अडखळली, आणि मग — हे मला विसरता येत नाही — तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिने माझ्याकडे हात केला. "ह्याला इचारा की. ह्याला समदं ठावं हाय."

ठाऊक? लहानपणी सावडीला आलेल्या बायकांच्या भाकरी डोक्यावरून मीच शेतावर नेत होतो. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. माझे वकील कागद बघत होते. मी म्हणालो, "असला काही प्रकार मला माहीत नाही, मॅडम. आमच्याकडे बाई कामाला येते ती मजुरी घेऊनच."

शपथेवर म्हणालो.

मावशीने फोटो हातात घेतला. तिचं बोट त्या पाठमोऱ्या बाईवर जाऊन टेकलं. एकच वाक्य पुरेसं होतं — ही याची आई आहे, विचारा याला, माझ्याकडे मोलाने येते का? मी संपलो असतो. ती बोट ठेवून उभी राहिली. मग तिने बोट उचललं आणि फोटो टेबलावर ठेवला.

खाली जिन्यापाशी मला गाठून म्हणाली, "तुज्या आयेचं नाव तितं घ्यायचं न्हवतं मला, दिनू. तुजं तू घेशील, असं वाटलं व्हतं." आणि बस धरायला गेली.

निकाल माझ्या बाजूने लागला. तक्रारदार ग्राहक ठरत नाही, हवं तर दिवाणी न्यायालयात जावं. ती कुठली जातेय? पुन्हा बंगल्यांची झाडलोट करू लागली. आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, तक्रार यंत्राच्या कंपनीवर होती, कागदात काहीतरी कमी पडलं. माझं सांगणं आईने लगेच मानलं. ती माझं नेहमीच मानते.

निकालानंतरच्या पावसाळ्यात आमच्या खाचरात लावणी होती. मी बांधावर रोपांच्या जुड्या पुरवत होतो. बायका आल्या, आणि त्यांच्यात शालनमावशी. बंगल्यावर रजा टाकून आली होती. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "त्या मिरच्यांच्या दिसाची फेड ऱ्हायलीया तिची."

दिवसभर ती आईच्या शेजारी वाकून लावत होती. जुडी संपली की हात मागे करायची, मी त्या हातात दुसरी द्यायचो. तिने मान वळवली नाही. काम आटोपल्यावर पाटात पाय धुतले आणि आईला म्हणाली, "फिटलं गं, आक्का." गेली.

आई तिच्या पाठीकडे बघत राहिली. "लय सरळ बाई," म्हणाली. "तितं तू हुतास म्हून बरं. तिच्या बाजूनं बोललास ना रं?"

मी म्हणालो, "हो."