खोडलेला पत्ता

दिंडोशी कोर्टाबाहेर झेरॉक्सच्या एका दुकानात अर्धी जागा मालन सपकाळेंची आहे. एक टेबल, दोन स्टुलं, एक जुना कॉम्प्युटर. अठरा वर्षं त्या तिथे मराठी टायपिंग करतात. सख्ख्या बहिणीलाही सांगणार नाहीत असलं लोक त्यांच्यासमोर बसून सांगतात. नवरा कुठे कुठे मारतो, भावाने आजारी आईचा अंगठा कसा उमटवून घेतला. "माझ्या बोटांतून जातं, तोंडातून नाही," असं त्या म्हणायच्या, आणि लोकांना ते पटायचं.

कांजूरमार्गला आम्ही एकाच इमारतीत राहतो. मी साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करते. एका रविवारी सकाळी मालनताई चार जिने चढून वर आल्या.

"दर्शना, माझं मशीन बघायला चल."

"काय झालं? स्लो झालंय?"

"मशीन झकास चालतंय गं. माझीच वाट लागलीय."

मग त्यांनी जानकीचं सांगितलं. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून ही बाई मुलीला घेऊन मुलुंडला मैत्रिणीकडे लपली होती. प्रतिज्ञापत्र सांगताना तिने तोच पत्ता सांगितला आणि ताईंच्या बोटांनी सवयीने तो टाइपही केला. लगेच त्या थांबल्या. "अगं, हा कागद त्याच्या वकिलाच्या हातात जाणार. आपण तुझ्या वकीलबाईंच्या ऑफिसचा पत्ता घालू." त्यांनी एकेक अक्षर मागे जात खोडलं. तोवर फाइल सेव्ह झाली नव्हती, प्रिंट तर दूरच. आठ दिवसांनी नवरा मुलुंडच्या दारात उभा राहिला.

शेजारी धावून आले म्हणून जानकी वाचली. तिने ताईंना फोन केला. "ताई, त्या मैत्रिणीशिवाय तो पत्ता फक्त तुम्हाला माहीत होता. मी केस सोडतेय. आता कोणाला काही सांगायचं नाही मला." एवढं बोलून तिने फोन बंद केला, तो बंदच होता.

"मी नाही सांगितला गं," ताई मला म्हणाल्या. "पण तिने का विश्वास ठेवावा?"

जो पत्ता कागदावर नाही, फाइलमध्येही नाही, तो बाहेर जायला एकच वाट उरते. बटन दाबताना कोणीतरी ते टिपून घ्यायचं. दुकानात गेल्यावर मी आधी कॉम्प्युटरच्या मागे हात घालून बघितलं. कीबोर्डची वायर आणि डबा यांच्यामध्ये कधी कधी बोटाच्या पेराएवढं यंत्र खोचलेलं असतं. तसं काही नव्हतं. मग नेटची वायर काढली आणि मशीन सुरू केलं.

अँटिव्हायरसमध्ये एक यादी असते, कुठल्या फोल्डरकडे बघायचं नाही याची. या यादीत एकच फोल्डर होता आणि नाव प्रिंटरचं होतं. आत एक छोटा प्रोग्राम, मशीन सुरू झालं की गुपचूप सुरू होणारा. सोबत अडीच महिन्यांच्या फाइली. रोज संध्याकाळी त्या एका ईमेलवर जात होत्या.

फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा नुसता लगदा. जुन्या मराठी फॉन्टचं तसंच असतं. बटनं इंग्रजी अक्षरांची दाबली जातात, पडद्यावर फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. या प्रोग्रामने फक्त बटनं उचलली होती.

"हे कोणाला वाचता येणार?" मी म्हटलं.

ताईंनी चष्मा लावला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि पडद्याकडे बघत बोटं लाकडावर दाबू लागल्या. बोटं जिथे पडत तो शब्द त्या तोंडाने म्हणत. मुलुंड. चाळीचं नाव. खोली क्रमांक. त्यापुढे खोडायच्या बटनाची खूण, एकेचाळीस वेळा.

ताटातल्या भातात दुसऱ्याचा केस निघावा तसं मला झालं. लोकांनी सांगितलेलं तर त्यात होतंच, पण रडून झाल्यावर, लाजून, "ताई, हे नको लिहू" म्हणत जे मागे घेतलं होतं, तेही तिथे ओळीने मांडून ठेवलेलं होतं.

"हे वाचणारा टायपिंगवालाच असणार," ताई म्हणाल्या. जराशाने म्हणाल्या, "निलेश."

निलेश हा इथला फॉन्टवाला, स्वतःलाही टायपिंग येणारा. विंडोज अपडेट झालं की जुना फॉन्ट बिघडतो, मग हा पेनड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलावर फिरतो. विकतचं सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकट देतो. "मावशी, अँटिव्हायरस बंद कर, तो आपल्या फॉन्टला चोर समजतो." सगळे टायपिस्ट निमूट बंद करतात. वर्षानुवर्षांची रीत. अडीच महिन्यांपूर्वी ताईंनीही केला होता.

सोमवारी मी सुट्टी घेऊन दुकानात थांबले होते, तेव्हा तो आला. "जय भीम मावशी! फॉन्ट बरोबर चालतोय ना?"

ताईंनी त्या लगद्याची एक ओळ कागदावर उतरवून ठेवली होती. तो कागद त्यांनी पुढे केला. हे काय आहे, असं त्याने विचारलंच नाही. त्याचे डोळे ओळीवरून डावीकडून उजवीकडे सरकले आणि थांबले.

"वाचलास ना?" ताई म्हणाल्या.

"मावशी, तिचा नवरा इथे विचारत फिरत होता, एकच पत्ता तर दिला. त्याचीच बायको आहे ना? घर जुळेल म्हटलं."

"आणि बाकीच्यांचं काय करायचास?"

तो ओशाळं हसला. "काही नाही गं. वाचायचो. टाइमपास."

ताईंनी तो बसायचा ते स्टूल उचलून दुकानाबाहेर ठेवलं. "नीघ."

"पोलिसात जाशील तर चोरीचा फॉन्ट पण निघेल," तो पायरीवरून म्हणाला. "अकरा टेबलांवर मीच टाकलाय. सगळ्यांची वाट लावशील."

तो गेल्यावर मी कामाला लागले. तो प्रोग्राम नुसता पुसला असता तर पुरावाही गेला असता, आणि तेवढ्यावर असल्या मशीनचा भरवसाही धरता येत नाही. म्हणून डिस्कच काढली, पाकिटात घातली आणि पाकीट चिकटवलं. नवी डिस्क बसवली, माझ्या स्वच्छ लॅपटॉपवर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने घातलं. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड ताईंच्या फोनवरून बदलायला लावले. मराठीसाठी फुकट, कायदेशीर टायपिंग सॉफ्टवेअर टाकलं. बटनं ताईंच्या सवयीचीच. अँटिव्हायरस चालूच ठेवला.

वकीलबाईंकडे निरोप ठेवला होता. तिसऱ्या दिवशी जानकी आली, पण बसली नाही. ताईंनी तिला कागदावरची ओळ दाखवली, टेबलावर बोटं दाबून वाचून दाखवली.

"खोडलेलं पण गेलं?" जानकीने विचारलं.

"खोडलेलं पण."

"शी!" जानकी एवढंच म्हणाली. तिने पदराला हात पुसले.

"मी तक्रार लिहितेय," ताई म्हणाल्या. "तू केस सोड नाहीतर धर, मी जाणारच. पण तू सोबत असलीस तर बरं."

त्या टाइप करू लागल्या, जानकी मागे उभी राहून वाचत होती. 'सदर फॉन्ट चोरीचा आहे हे मला ठाऊक होते. अँटिव्हायरस मी स्वतः बंद केला.' तिथे ताईंचं बोट खोडायच्या बटनावर गेलं. थोडा वेळ तिथेच राहिलं. मग त्या पुढच्या ओळीवर गेल्या.

शेवटी जानकीचं नाव आलं. पत्त्याची ओळ ताईंनी कोरी सोडली, प्रिंट काढली आणि वर पेन ठेवलं.

"पोलिसांना लागेल. तू हाताने लिही," त्या म्हणाल्या आणि खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

जानकी बराच वेळ पेनकडे बघत उभी राहिली. मग स्टूल ओढून बसली आणि डाव्या हाताचा आडोसा करून लिहू लागली. मीही झेरॉक्सच्या मशीनकडे बघत राहिले.