परिशिष्टातल्या बायकांना प्रकरणात आणणाऱ्या शैलाताई

सौ. शैलजा मगदूम, म्हणजे आपणा सर्वांच्या शैलाताई, यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्याकडे एक फुगलेली फाईल आणि तीन पेनड्राइव्ह होते, आणि प्रबंध सादर करायला जेमतेम पंधरा दिवस उरले होते. मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. आता चुकले असते तर नोंदणी रद्द. मलकापूरच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता केलेले सहा वर्षांचे काम वाया गेले असते. "राजारामपुरीत शैलाताईंच्या टायपिंगच्या दुकानात जा, त्या प्रबंध लावून देतात," असे एका मैत्रिणीने सांगितले. प्रबंध टाईप करतात, बांधतात हे मला ठाऊक होते. लावतात म्हणजे काय, ते कळायचे होते.

ताईंनी पहिला पेनड्राइव्ह उघडला, थोडा वेळ पडद्याकडे पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"कुठलं गाव गं तुझं?"

"कोडोली."

"बरं. आन् इतका पसारा कशाला केलास? हे दुसरं प्रकरण तिसऱ्याच्या पोटात शिरलंय की! आणि तळटीपा हितं पानाखाली, तितं शेवटाला. ह्यो प्रबंध हाय का बाजार?"

मला रडू आले. ताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि कोऱ्या कागदांवर पेन्सिलीने एकेक शब्द लिहू लागल्या. शीर्षकपृष्ठ. प्रतिज्ञापत्र. मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र. ऋणनिर्देश. अनुक्रमणिका. तक्त्यांची यादी. मग पाच प्रकरणे, संदर्भसूची, परिशिष्टे. ते कागद त्यांनी लांब टेबलावर ओळीने मांडले आणि माझी फाईल माझ्याच हातात दिली.

"आता तूच लाव. मी लावलं तर तुझ्या ध्यानात ऱ्हाणार न्हाय."

दोन दिवस मी ते टेबल सोडले नाही. जुन्या फाँटमधली जोडाक्षरे नव्या संगणकावर फुटत होती. ती ताई एकेक करून जुळवत होत्या. बांधणीत अक्षरे जाऊ नयेत म्हणून डावीकडे किती जागा सोडायची, सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे का द्यायचे, संदर्भसूचीत आडनाव आधी का, हे सारे त्या मला समजावून सांगत होत्या. आज माझे विद्यार्थी हेच प्रश्न मला विचारतात आणि मी उत्तरे देते. ती उत्तरे ताईंचीच असतात.

माझा विषय होता पन्हाळा तालुक्यातील दूध संस्था आणि स्त्रियांचे श्रम. चाळीस बायकांच्या मुलाखती मी घेतल्या होत्या आणि त्या सगळ्या परिशिष्टात टाकल्या होत्या. चौथे प्रकरण मात्र इतरांच्या अवतरणांनी भरले होते. तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर ताई परिशिष्ट वाचत बसलेल्या. एका ओळीखाली त्यांनी बोट ठेवले. 'धार मी काढतो, शेण मी काढतो, म्हस माझ्या हाकेला येती. संस्थेत सभासद मातुर आमचं मालक.'

"ही बाई एवढं बोलली, आणि तू तिला पार शेवटच्या पानावर बसवलीस?" ताई म्हणाल्या. "चौथ्या प्रकरणात नुसती तू बोलतीस आणि पुस्तकं बोलत्यात. तुझं खरं प्रकरण हितं लपलंय."

"ताई, आता बारा दिवस राहिलेत. आणि आमचे सर…"

"मी बारावी झालेली बाई. मी नुसतं टायपिंग करतो. सांगायचा अधिकार माझा न्हाय. पण तू सरांना विचार. विचारायला काय जातंय?"

माझे मार्गदर्शक अतिशय कडक. मान्य केलेल्या आराखड्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. मी घाबरत घाबरत त्यांच्यासमोर ती पाने ठेवली. त्यांनी सगळ्या मुलाखती वाचल्या, मग चौथे प्रकरण पुन्हा वाचले.

"हे कुणी सुचवलं?"

खोटे बोलावेसे वाटले, पण बोलवेना. "टायपिंग करणाऱ्या ताईंनी, सर."

त्यांनी मुलाखतींची पाने पुन्हा चाळली. मग म्हणाले, "मला सुचायला हवं होतं. आठ दिवसांत लिहून आणा. आणि त्यांना सांगा, अनुक्रमणिका बदलेल."

मी ते प्रकरण आठ दिवसांत लिहिले. ताईंनी त्या आठवड्यात दुसरे काम घेतले नाही. प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी सादर झाला. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जवळजवळ सगळे प्रश्न त्या चौथ्या प्रकरणावरच विचारले. निकाल सांगायला मी फोन केला तेव्हा ताईंचा पहिला प्रश्न होता, "त्या बाईला कळवलंस का?" मी कळवले नव्हते. त्याच संध्याकाळी जाऊन कळवले.

ताईंचा सच्चेपणा किती कडक आहे याचा अनुभव, त्यांच्या साठीनिमित्त नेमलेल्या आमच्या गौरव समितीतील बिद्रीच्या एका सहकाऱ्यांना आहे. त्यांचा प्रबंध परीक्षकांकडे गेल्यावर ताईंना जुनी फाईल चाळताना दिसले की, एका तक्त्यातील दोन रकान्यांच्या शीर्षकांची आपल्याकडून अदलाबदल झाली आहे. कुणाच्याही लक्षात आले नव्हते. ताई एस.टी.ने बिद्रीला गेल्या, पत्ता विचारत घर गाठले आणि दारातच म्हणाल्या, "चूक माझी हाय, तुमची न्हाय." सहकारी आधी भयंकर चिडले. दुसऱ्या दिवशी ताई त्यांच्यासोबत विद्यापीठात गेल्या, चूक स्वतःच्या नावावर लेखी दिली आणि दुरुस्त पाने जोडून घेतली. "माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं," असे ते आज सांगतात.

पूर्वी आपणच टाईप केलेले प्रकरण दुसऱ्याच नावाने समोर आले, तेव्हा ताईंनी ते काम परत केले. "फाँट बदलून देतो, माणूस बदलून देणार न्हाय," एवढेच त्या बोलल्या. ते काम घेऊन आलेले गृहस्थ वजनदार होते. पुढे काही महिने ताईंकडे येणारी कामे कमी झाली. त्याविषयी त्यांनी कधी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही.

गेल्या वर्षापासून ताईंचे मनगट दुखते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, ताईंनी ती निम्मी ऐकली आहे. षष्ट्यब्दीनिमित्त काय द्यावे, असे मी त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "शाल नको. इतकी वर्षं तुमचे प्रबंध घाईघाईत बघितले. एकदा सगळी आपापली प्रत आणून द्या. निवांत वाचायचेत मला."

मी माझी प्रत नेऊन दिली आहे. ताई दुसऱ्या प्रकरणापर्यंत आल्या आहेत आणि दोन चुका सापडल्याचे त्यांनी कळवले आहे. त्यांचे मनगट लवकर बरे होवो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आम्ही लिहिलेले सारे वाचून संपेल, शिवाय नवे येईल तेही वाचून होईल, एवढे दीर्घ आणि निरोगी आयुष्य त्यांना लाभो. आपणही आपापली प्रत घेऊन राजारामपुरीला जावे, ही सर्वांना विनंती.