एका ओळीत एकच गोळी

‘तुम्हाला काय कळतं’ असं कोणी म्हटलं की भानुमतीचं टाळकं सटकायचं, आणि जबलपूरच्या राइट टाउनमधल्या त्या दवाखान्यात हे वाक्य तिला दिवसातून चारदा ऐकावं लागे. बावीस वर्षं ती रेकॉर्डच्या खोलीत होती. आधी कार्डं हाताने लिहायची, मग कॉम्प्युटर आला तशी त्यात चढवायची. पेशंटचं नाव आणि गोळीचं नाव, एका गोळीची एक ओळ. त्याच माणसाची दुसरी गोळी असली की दुसरी ओळ.

त्या मंगळवारी सकाळी चिंतामणी डॉक्टर स्वतःच खोलीत आले. रक्त पातळ करायची गोळी आणि सांधेदुखीची एक गोळी सोबत घेतल्याने एका म्हाताऱ्याच्या पोटात रक्तस्राव झाला होता. “दोन्ही घेणारे सगळे पेशंट काढा. यादीत असेल त्याला आजच दवाखान्यातून फोन जाईल,” एवढं बोलून ते वॉर्डात गेले.

घमापूरची शकु, भानुमतीची धाकटी जाऊ, दोन्ही गोळ्या घेत होती. सासूच्या आजारपणात कोण राबलं आणि कोण मिरवलं यावरून दोघी अशा भांडल्या होत्या की नऊ वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. भानुमतीने ‘घेऊ नको’ म्हटलं असतं तर त्या बयेने हट्टाने दोन जास्त गिळल्या असत्या! फोन दवाखान्याचाच जायला हवा होता. म्हणजे नाव यादीत यायलाच हवं होतं.

कॉम्प्युटरवाल्या अच्युतने दोन मिनिटं बटणं बडवली. “शून्य! एकही पेशंट नाही. चलो, छुट्टी.”

“काहून शून्य? माझी जाऊ आहे ना दोन्ही घेणारी!”

“काकू, मशीन झूठ बोलून राहिली का? तुम्हाला काय कळतं?”

झालं! भानुमती खुर्ची ओढून त्याच्या शेजारीच बसली. “मेल्या, तू तिला विचारलं काय, ते दाखव आधी.”

नाक मुरडत त्याने दाखवलं. ज्या ओळीत ही गोळी आहे आणि ती गोळीही आहे, अशा ओळी दे.

“आणि एका ओळीत गोळ्या किती मावतात? एक! बावीस वर्षं मीच भरून राहिली ना! मग दोन गोळ्यांची ओळ काय तुझा आजा टाकून गेला?”

अच्युत लालबुंद झाला. त्याने ‘आणि’ काढून ‘किंवा’ घातलं. चारशे बारा नावं धडाधड पडली. “घ्या! बोलवा सगळ्या जबलपूरला!”

“अकलेच्या कांद्या, यात एकच गोळी घेणारेही आले. ओळ सोड, माणूस पकड. एकेकाच्या सगळ्या ओळी एका जागी गोळा कर. ज्याच्यात दोन्ही निघतील तेवढाच ठेव. तीच गोळी दोनदा लिहिली असेल तर एकच धर.”

दात-ओठ खात त्याने तसं केलं. सतरा नावं. अकरावी शकु. साडेबारापर्यंत सगळ्यांना फोन गेले.

चारच्या सुमारास शकु ऑटोतून उतरली. चेहरा पिवळाफट्ट. आठ दिवसांपासून शौचाला काळं होत होतं आणि तिने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी पोटातला रक्तस्राव ओळखून दोन्ही गोळ्या बंद केल्या आणि तिला भरती करून घेतलं. भरतीच्या कागदासाठी ती रेकॉर्डच्या खिडकीशी आली. अच्युत कौतुकाने म्हणाला, “काकूंमुळेच तुमचं नाव निघालं बरं!”

शकुने नऊ वर्षांनी जावेच्या तोंडाकडे पाहिलं.

“माझ्या नावावर या दोन्ही गोळ्या तूच टाइप केल्या ना? महिन्याभरात चारदा?”

“हो.”

“दुसऱ्या कोणाचं कार्ड असतं तर डॉक्टरला विचारलं असतंस का नाही?”

विचारलं असतं. शंका आली म्हणून कितीतरी जणांची कार्डं भानुमतीने डॉक्टरांकडे परत धाडली होती. शकुचं नाव आलं की मात्र ती तणतणत दोन ओळी टाकायची आणि पुढचं कार्ड ओढायची.