तळ्यावरचा पिवळा तवंग

"संध्याकाळपर्यंत त्या रंगाऱ्याला तळ्यावरून उठवा," इंजिनिअरसाहेबांनी ऑर्डर दिली.

मी तेव्हा कोल्हापूर दरबारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो. पेठेच्या पिण्याच्या तळ्यावर पिवळट तवंग आला होता. घागरी ओशट होत होत्या आणि सगळी पेठ बाबालाल रंगाऱ्याच्या नावाने शंख करत होती. काठावर कापड रंगवायच्या कढया त्याच्याच ना!

"रावसाहेब, इथनं उठवल्यावर जाऊ कुठं? पाण्याबिगर रंगकाम हुतंय व्हय? पोरंबाळं हायत की," बाबालाल काकुळतीला आला.

मी काठीने तवंग फोडला. कुजक्या पाल्याचा तवंग असला की त्याचे पापुद्रे होतात आणि सुटेच राहतात. हा लगेच पुन्हा जुळला. म्हणजे तेल! आणि सगळ्यात दाट होता तो इनलेटपाशी, म्हणजे नाला तळ्यात उतरतो त्या तोंडाशी. बाबालालच्या कढया पार पलीकडच्या काठाला.

नाल्याच्या कडेने वर चालत गेलो, तो थेट तालमीच्या मागे निघालो. नाल्यात तांबड्या मातीचा ढीग पडला होता. कुस्तीच्या हौदातली माती तेल, हळद, ताक घालून मळतात. ती बदलली की जुनी माती कुणाच्या पायदळी येऊ नये म्हणून वाहत्या पाण्यात सोडायची, हा या तालमीचा रिवाज. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

साहेबांना सांगितलं, तर ते दचकलेच. "तालमीवर खुद्द महाराजांची मर्जी आहे. वस्तादांना सांगणार कोण?"

"मी सांगतो," म्हणालो आणि तालमीची वाट धरली.

वस्ताद दाराएवढा माणूस. "आमच्या हौदाची माती घाण हाय म्हनताय व्हय?"

"माती नाही, वस्ताद. तिच्यातलं तेल तळ्यात उतरतंय. आणि त्यापायी बाबालालचं बिऱ्हाड उठतंय."

त्यांनी फेटा बांधला आणि म्हणाले, "चला."

कचेरीत ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. "साहेब, माती माझ्या तालमीची हाय. त्या रंगाऱ्याला हात लावायचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी पैलवान नाल्यात उतरले, सगळ्यांच्या पुढे वस्ताद. माती उपसून तालमीमागच्या झाडांच्या बुंध्यांशी घातली, भोवती कुंपण केलं. हळूहळू तळं निवळलं. बाबालालच्या कढया जागच्या हलल्या नाहीत.

मैदान मारणारे पैलवान मी पुष्कळ पाहिले. पण स्वतःची चूक सांगायला असा ताठ मानेने चालत गेलेला दुसरा पाहिला नाही.

आमच्या खात्यापुरता धडा साधाच होता. तवंग दिसला की काठावर कोण गरीब बसलाय ते बघू नये, पाणी कुठून येतंय ते बघावं.