आंटींची वाकडी रेघ

नकाशांची सॉफ्टवेअर लिहिणं ही माझी नोकरी. रविवारी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात मी लोकांना नकाशे भरायला हौसेने शिकवते. एका बॅचला बाळकुमच्या आंटी यायच्या. निवृत्त नर्स, जुन्या गावातल्या ख्रिस्ती घरातल्या. गावातल्या गल्ल्यांची जुनी नावं नकाशावर यावीत, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिला गृहपाठ सोपा होता. मोबाइलवर ॲप चालू करून चालायचं, म्हणजे आपली वाट नकाशावर रेघ होऊन उमटते. आंटींनी आठवडाभर चर्चला जातानाच्या रेघा आणल्या. सगळ्या एका सोसायटीच्या पार्किंगमधून सरळ जायच्या, मध्येच एका जागी अर्धगोल वळसा घ्यायच्या आणि पुन्हा सरळ.

"इथे काय आहे, आंटी?"

"काहीच नाही. मोकळं आहे."

"मग उंच इमारतींवर आपटून उपग्रहाचा सिग्नल चुकला असेल," मी वर्गाला सांगितलं. पण तशी चूक रोज वेगळी हवी. ही एकसारखी होती. मला राहवेना. पुढच्या रविवारी वर्गाआधी मी बाळकुमला गेले.

ऊन चढलं होतं. लेकीच्या बाळंतपणाचं सांगत आंटी माझ्या पुढे चालत होत्या. पार्किंगच्या मध्यावर त्या डावीकडे वळल्या, अर्धा फेरा घेतला आणि परत सरळ निघाल्या. बोलणं कुठेही तुटलं नाही.

"आंटी, तुम्ही आत्ता वळलात."

"मी? सरळच आले की."

मी बोट दाखवलं, तशा त्या थबकल्या.

"इथे विहीर होती," त्या हळूच म्हणाल्या. "टॉवर आले तेव्हा बुजवली. लहानपणी माझी धाकटी बहीण तिच्यात पडून गेली. नंतर आई आम्हाला हात धरून लांबून न्यायची."

त्यांना धीर यावा म्हणून मी सरळ त्या जागेवर जाऊन उभी राहिले. "बघा, नुसते पेव्हर ब्लॉक आहेत."

"मॅडम, वर या," आंटी म्हणाल्या.

मी सपाट जमिनीवर उभी होते. तरी तो 'वर' ऐकून मी पायाखाली बघितलं. मी निमूट बाजूला झाले.

माझंही ॲप चालू होतं. वर्गात पोचल्यावर मी रेघ उघडली. मी तर मधोमध उभी राहिले होते. रेघ मात्र बाजूने वळसा घालून गेली होती.

सिग्नलचं कारण मला तोंडपाठ आहे. तेच मी पुन्हा शिकवलं, फक्त या वेळी आंटींकडे बघायचं टाळलं. सगळे गेल्यावर त्यांना विचारलं, "विहीर दाखवायची का नकाशावर? बुजवलेली म्हणून?"

"दाखवा," त्या म्हणाल्या. "पण तुम्हीच टाका. माझ्या हातून नको."

मी एक छोटं वर्तुळ काढलं. गल्ल्यांची नावं मात्र त्यांनी एकटीने भरली, शेजाऱ्यांना विचारून विचारून. त्यात त्यांचा अख्खा उन्हाळा गेला.