उजव्या पंखावरचा उडालेला रंग

भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकते त्या फक्त हसायला. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली, त्यामुळे कारण सापडेपर्यंत मी पिच्छा सोडत नाही. याचं मात्र सापडलेलं नाही... म्हणून इथे लिहितेय.

आम्ही कोपरखैरण्यात राहतो. मला विमानांची मॉडेल्स बनवायचा नाद आहे, त्यातही वापरून झिजलेली दिसणारी. "लोक भंगारातून नवं करतात, ही नव्याचं भंगार करते," असं नवरा येईल त्याला सांगतो.

खालच्या मजल्यावर म्हात्रे काका-काकू, मूळचे बोनकोड्याचे. काका फौजेत विमानांचे मेकॅनिक होते. आता त्यांना विसरण्याचा आजार आहे. हल्ली काकूंनाच विचारतात, "बाई, तुमी कोन?" काकू हसून सांगायच्या, "शेजारीन हाय." आणि वर आमच्याकडे येऊन रडायच्या. एकदा म्हणाल्या, "तू त्यांचा इमान बनव गो. मना नाय तं नाय, त्याला तरी वलखतील."

रंग उडालेला दाखवायची एक सोपी युक्ती आहे. आधी चंदेरी रंग द्यायचा, त्यावर पाण्याने मिठाचे खडे चिकटवायचे, वरून करडा रंग मारायचा. वाळला की ब्रशने मीठ काढायचं, खालचा 'पत्रा' दिसतो. आमच्याकडे बारीक मीठ, म्हणून जाडं मीठ काकूंनीच वाटीतून आणून दिलं.

काका ज्यावर काम करायचे, त्या विमानावर माणसं डावीकडून चढायची, त्यामुळे रंग डाव्या पंखाच्या मुळाशी जातो. जुन्या फोटोंत तसंच दिसतं. मी मीठ तिथेच लावलं, उजवीकडे एक खडाही नाही.

ब्रश फिरवला. डावीकडे बारीक टवके, हवे तसे. आणि उजवीकडेही रंग गेलेला! टवके नव्हेत – घासून घासून गुळगुळीत झालेला. म्हटलं, माझंच बोट लागलं असेल. ती बाजू पुसून नव्याने रंगवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येऊन बघते तर पुन्हा तीच जागा, तोच आकार. नवऱ्याने हात लावला असेल म्हणावं, तर माझ्या विमानांना हात लावायची त्याला बंदीच आहे.

वैतागून तसंच खाली घेऊन गेले. "काकू, चुकलंय हो, दुरुस्त करून देते."

तोवर काकांनी ते हातात घेतलंही होतं. डाव्या बाजूकडे पाहिलंच नाही. अंगठा सरळ उजव्या पंखावर गेला आणि तिथेच फिरत राहिला.

"साहेब वरडायचा, डावीकडशी चढ," काका म्हणाले. "मी डावखुरा मानूस. मी हिकडशीच चढनार."

मग मान वर करून काकूंकडे बघितलं. "रडतेस कशाला, यशोदे? चाय टाक."

काकू डोळे पुसत आत पळाल्या. चहा घेऊन त्या बाहेर आल्या, तर काका पुन्हा विचारत होते, "बाई, तुमी कोन?"

"यशोदा," काकू म्हणाल्या. "आताच तं वलखलंव मना."

काका डावखुरे आहेत हे मला माहीत नव्हतं. ते उजवीकडून चढायचे हे तर काकूंनाही नव्हतं. नंतर उरलेलं मीठ आणि तीच रंगाची बाटली घेऊन मी दुसऱ्या मॉडेलवर मुद्दाम करून पाहिलं. जिथे मीठ, तिथेच टवके. नवरा म्हणतो, रंग कच्चा राहिला असणार. असेल बाबा... पण दोन्ही वेळा नेमका तिथेच?

काकू कारण विचारत नाहीत. रोज चहाच्या वेळी विमान काकांच्या हातात देतात आणि समोर बसून राहतात, नाव ऐकायला.